शेपटीवाले शब्द

४ जून

ताई,

नमस्कार. साष्टांग समज, पण हल्ली गुडघे कुरकुरतात म्हणून उभ्यानेच.

पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही आणि कुणाचं लग्नही नाही. आपण दोघी या दोनच कारणांसाठी एकमेकींना लिहितो, म्हणून आधीच सांगून टाकलं.

काम आहे. मला इंग्रजी शिकव.

हसून झालं असेल तर पुढे वाच. आमचं यार्ड एका नव्या कंपनीने घेतलंय. कंटेनर तेच, क्रेन त्याच, पण माणसं आता वेगवेगळ्या देशांतली आलीत. एकाचं दुसऱ्याला कळत नाही. म्हणून वॉकीटॉकीवर सगळ्यांनी इंग्रजीतच बोलायचं असा हुकूम निघालाय. ऑगस्टच्या शेवटी आम्हा क्रेनवाल्यांची तोंडी परीक्षा. पास झाला तो केबिनमध्ये राहणार. नापास झाला त्याने खाली फाटकापाशी उभं राहून ट्रकांना आत-बाहेर करायचं. पगार तोच ठेवणार म्हणे. पण ताई, मी क्रेन चालवते. या यार्डात क्रेनवर बसणारी बाई मी एकटी आणि ती शिडी मला कुणी हात धरून चढवलेली नाही. मला खाली उतरायचं नाही. विषय संपला.

तुला वाटेल, सगळं सोडून माझ्याच दारात का आली? थोरलीने मोबाईलमध्ये काहीतरी घालून दिलंय. आईने शिकावं म्हणून त्या पोरीचा जीव वरखाली होतो. पण त्यातली बाई इतकं गोड बोलते की मला पेंग येते. मला ओरडणारी बाई हवी. शिवाय तुझ्याकडे माझं एक राहिलंय. दहावीच्या इंग्रजीच्या तोंडी परीक्षेला परीक्षक तू होतीस. सगळ्या वर्गासमोर मला एकच प्रश्न विचारलास. मी उभी राहिले ती उभीच राहिले, घंटा वाजली आणि तू माझ्या नावापुढे शून्य टाकलंस. सख्ख्या बहिणीच्या! शाळेत तुझं काय कौतुक झालं, आमच्या बाई किती निःपक्षपाती. मी त्या दिवसापासून शाळेचं तोंड पाहिलं नाही. मामांच्या मागे यार्डात गेले ती इथलीच झाले.

तुझं म्हणणं, मी हट्टाने गप्प राहिले. माझं म्हणणं, तू मुद्दाम केलंस. आई नव्हती, बाबा आपल्याच नादात, मध्ये पडायला कुणी नव्हतं. मग तू माझ्या लग्नाला आलीस, जेवलीस आणि गेलीस. असो. तेव्हा नापास केलंस, आता पास करून दे म्हणजे फिटंफाट.

खाली काही इंग्रजी वाक्यं लिहिलीत. परतीचं पाकीट तिकीट लावून जोडलंय. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसतं तपास. तू तपासणारच. समोर चुकीचं इंग्रजी असताना तुला पाणी गोड लागत नाही.

तुझी धाकटी बहीण


२२ जून

ताई,

पाकीट आलं. उघडून बघते तर माझंच पत्र परत. ना आशीर्वाद, ना 'तुझं पत्र मिळालं', नुसत्या लाल रेघा. अजून तीच शाई वापरतेस का गं? रेघा मात्र वाकड्यातिकड्या आल्यात. आगगाडीत बसून तपासलंस की रागाने हात थरथरत होता?

असू दे. तू न बोलता तपास, मी न बोलता शिकते. म्हणजे मी बोलणारच, तू ऐक.

मला एक गोष्ट कळलीय. इंग्रजीतले मोठे शब्द गरीब असतात. ट्रान्सपोर्टेशन म्हटलं की ते बिचारं ट्रान्सपोर्टेशनच राहतं. छळतात ते बारके. एक 'गेट' घे. त्याला 'अप'ची शेपटी लावली की माणूस उठतो, 'ऑफ'ची लावली की उतरतो, 'अवे'ची लावली की सटकतो आणि 'ओव्हर'ची लावली की दुःखातून सावरतो. मी यांना शेपटीवाले शब्द म्हणते. आमचा सगळा कारभार त्यांच्यावर चालतो. होल्ड ऑन म्हणजे थांब, बॅक अप म्हणजे मागे घे, कॅरी ऑन म्हणजे चालू ठेव, स्टॅन्ड बाय म्हणजे तयारीत थांबून राहा. चुकीची शेपटी ऐकली तर लोखंडाचा डबा कुणाच्या तरी डोक्यावर जायचा.

आमचा सिग्नलवाला म्हणतो, "मावशी, कशाला डोकं शिणवता? मी हाताने दाखवतो की." त्याला सगळे बगळा म्हणतात, कारण मान लांब आणि एका पायावर भार टाकून तो तासन्‌तास उभा राहू शकतो. पोरगा गुणी आहे. पण कंटेनरची चळत मध्ये आली की त्याचा हात दिसत नाही, मग कानात येईल तेवढाच आधार.

परवा वर बसल्या बसल्या वाटलं, आपण तरी काय वेगळं करतो? बोलून टाकणं वेगळं, बोलून बसणं वेगळं, बोलून घेणं वेगळं. बोलून टाकलं की मन मोकळं होतं, बोलून बसलं की पस्तावायला होतं. आमच्याकडे आलेल्या एका परदेशी सिग्नलवाल्याला मी हे समजावायला गेले तर तो रडकुंडीला आला. तेव्हा जरा बरं वाटलं.

आणि हो, पकडली तुला! मी एका वाक्यात लिहिलं होतं की साहेब परीक्षा 'पुट आउट' करतील तर बरं. थोरलीच्या शब्दकोशात बघितलं तर पुट आउट म्हणजे विझवणं. परीक्षा म्हणजे काय चूल आहे? तिथे 'पुट ऑफ' हवं होतं, लांबणीवर टाकणं. आणि तू त्यावर बरोबरची खूण केलीस! वर 'होल्ड ऑन'च्या चांगल्या धडधाकट वाक्यावर फुली मारलीस. वर्गातही तू हेच करायचीस. फळ्यावर मुद्दाम चूक लिहायची, हाताची घडी घालून उभं राहायचं आणि बघायचं, कोण पकडतंय. जी पकडेल तिला खडू बक्षीस. इतकी वर्षं झाली तरी खोड जात नाही तुझी. मला फसवायला निघालीस काय?

माझा खडू पाठव. नवी वाक्यं जोडलीत.

तुझी धाकटी बहीण


२० जुलै

ताई,

दुसरं पत्र परत आलं. अर्ध्या पानापर्यंत काहीच नाही. मग एक लाल रेघ माझ्या वाक्यांवरून घसरत घसरत कागदाबाहेर गेलेली. आणि तळाला एकच अक्षर पुन्हा पुन्हा खरडलेलं. न, न, न. 'नापास' लिहायला घेतलंस आणि तेवढेही कष्ट नको वाटले?

मी ती वाक्यं ड्युटी संपवून, स्वयंपाक करून, डोळे चोळत लिहिली होती. थोरली म्हणाली, "आई, मावशीला वेळ नसेल." मी म्हटलं, वेळ नसणारी बाई लाल पेन उचलत नाही.

आता मी बोलूनच टाकते. 'फॉल आउट' हा शब्द मी परवा शिकले. तिथे कुणी पडत नाही, दोन माणसांत फाटतं. आपलं फाटलं ते शून्यामुळे नाही. शून्य मी पचवलं असतं. त्या दिवशी घरी आल्यावर तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. ताट वाढलंस, पाठ फिरवलीस आणि दुसऱ्या वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासायला घेतल्यास. तुझ्या घरात मी एक चुकलेलं वाक्य होते, दुसरं काही नाही.

ठीक आहे. परीक्षा मी देणार आणि पासही होणार, तुझ्या लाल रेघेशिवाय. परतीचं पाकीट या वेळी जोडलेलं नाही.


३१ जुलै

ताई,

काल दाजींचा फोन आला. आधी हवापाण्याचं बोलले, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाले, "तुझं शेवटचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. आता माझ्याच्याने गप्प बसवत नाही. तुला कळवायचं नाही अशी तिने शपथ घातलीय. म्हणजे, बोलता येत असतं तर घातली असती."

फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका येऊन न्हाणीघरात पडलीस. उजवा हात गेला आणि वाचा गेली. ऐकलेलं सगळं समजतं, वाचताना अक्षरं नाचतात आणि बोलायला गेलीस की आठवणीतला प्रत्येक शब्द दाराशी येऊन अडतो. तोंडातून बाहेर पडतो तो एकच, 'अगं'. रागावलीस तरी अगं, तहान लागली तरी अगं. दाजी म्हणाले, "मलाही अगंच म्हणते. इतक्या वर्षांच्या संसारानंतर मी बाई झालो." हसत होते.

आणि मी विचारत होते, आगगाडीत बसून तपासलंस का! डाव्या हाताने एक पान तपासायला तुला सगळी दुपार पुरत नव्हती. त्या उलट्यासुलट्या खुणा म्हणजे फसवणूक नव्हती. खूण कुठे आणि फुली कुठे हेच तुला कळेनासं झालं होतं. मी इकडे शेखी मिरवत होते, पकडली तुला म्हणून. दाजी म्हणाले, ते पत्र ऐकलंस आणि पडल्यापासून पहिल्यांदा हसलीस. धाकटीला तू अजून ती फळ्यासमोरचीच बाई वाटतेस, म्हणून हसलीस. मग रडलीस. मग त्याच पत्रातली नवी वाक्यं घेऊन रोज दुपारी बसायला लागलीस, ते शेवटी पेन भिंतीवर आपटेपर्यंत.

तो 'न'ही त्यांनीच सांगितला. मला घरात 'नकटी' म्हणणारी तू एकटी. ते लिहायचं होतं तुला, पण पहिल्या अक्षरापुढे हात जात नव्हता. आणि मी त्याचा नापास केला.

आता ऐक. मी रडत नाहीये, ते काल उरकलं. मला फक्त एक सांगायचंय. शब्द आत तयार असतो, ओठापर्यंत येतो आणि दार उघडत नाही. समोरच्याला वाटतं, ही मुद्दाम गप्प आहे. हे तुला फेब्रुवारीत कळलं. मला दहावीत कळलं होतं. त्या दिवशी मला उत्तर येत होतं, ताई. मी हट्ट करत नव्हते.

रविवारी येते आहे. नको म्हणायचं असेल तर तोंडाने म्हणायचं, खुणा चालणार नाहीत.

आणि परीक्षा मी तुझ्याचकडून शिकून देणार. मागच्या पत्रात फुशारकी मारली ती परत घेते. शब्द मी बोलेन, शिकवायचं तू. आमच्या यार्डात बगळा दिवसभर तोंड न उघडता मला हाताने हलवतो, आणि त्यातलं बरंचसं एका हाताने होतं. डावा चालतो.

तुझी नकटी


१३ ऑगस्ट

ताई,

काल भेटून आले आणि आज पत्र. दाजी म्हणतील हिला वेड लागलं. पण तुझ्यासमोर बसलं की माझी जीभ अजून दहावीतलीच होते, म्हणून लिहिते. दाजी, तुम्ही मोठ्याने वाचा आणि तुमच्याबद्दलचं असेल ते गाळू नका.

पहिल्या रविवारी तू भिंतीकडे तोंड करून बसलीस ते मी विसरणार नाही. दीड तास! मी म्हटलं, बस, मीही क्रेनमध्ये अशीच बसते. मग तुझी वेणी बघितली. दाजींनी घातलेली, तीन पेड, तिन्ही तीन दिशांना. मला राहवलं नाही. तुझ्या मागे बसून सोडली आणि पुन्हा घातली, तू माझी घालायचीस तशी, डोळे ताणले जातील इतकी घट्ट. तेव्हा कुठे तू 'अगं' केलंस. एवढ्या वर्षांनी तुला ओढून बघितलं, बरं वाटलं मला.

मग तुला खुणा दाखवल्या. बोट वर करून फिरवलं की वर घे, खाली करून फिरवलं की खाली सोड, मूठ मिटली की थांब. तू तोंड वाकडं केलंस. शिकवणारी बाई, हातवारे काय करणार! पण दाजी तुझ्या दुधात साखर घालत होते आणि तिसरा चमचा उचलला तेव्हा तुझी मूठ आपोआप वर आली. दाजी चमचा हवेत धरून तसेच उभे. फेब्रुवारीपासून तू रोज तीन चमचे साखरेचं दूध मुकाट्याने पीत होतीस, आणि त्यांना वाटत होतं तुला आवडतंय. ते स्वयंपाकघरात गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. तुला दिसलं नसेल, पंच्याने तोंड पुसत होते.

कालचा धडा मात्र खरा झाला. तू मूठ दाखवलीस, मी म्हटलं होल्ड ऑन. बोट खाली फिरवलंस, लोअर डाउन. मग तू आपल्या मनाने नव्या खुणा काढायला लागलीस. हात झटकलास, गो अवे. वर्तमानपत्र बाजूला सारलंस, पुट ऑफ. चुकले की टेबलावर चापट आणि अगं! एकदा कपाळावर बोट फिरवलंस, ते काही मला कळेना. दाजी म्हणाले, "दमली असेल, गिव्ह अप, सोडून दे म्हणत असेल." तेव्हा तू त्यांच्याकडे जे बघितलंस! ते 'थिंक ओव्हर' होतं, नीट विचार कर. गिव्ह अप तुला कुठे येतं? मलाही शिकवू नकोस, तेवढा एक शब्द मी कोरा ठेवते.

निघताना तू माझ्या हातात काय कोंबलंस ते मी बस सुरू झाल्यावर बघितलं. खडू. दाजींना खुणेने कपाटातून काढायला लावलास ना? चूक न पकडता मिळालेलं बक्षीस आहे हे, पण परत देणार नाही.

तुझी नकटी


३० ऑगस्ट

ताई,

काल परीक्षा झाली.

एका खोलीत साहेब, दुसऱ्या खोलीत मी, मध्ये वॉकीटॉकी. चेहरा दिसू नये म्हणून मुद्दाम तसं केलं होतं. साहेब तरुण असावेत आणि त्यांना सर्दी झाली होती. सुरुवातीचं सगळं भराभर गेलं. कॅरी ऑन, बॅक अप, पुट डाउन. 'रन आउट ऑफ'ला मी गडबडले, त्याचा अर्थ संपणं हे मला बाहेर आल्यावर आठवलं. मग त्यांनी विचारलं, सिग्नलवाला दिसेनासा झाला आणि आवाजही येईनासा झाला तर तू काय करशील?

आणि ताई, दार बंद झालं. रोज करते ते काम, पण शब्द ओठापर्यंत येऊन उभा राहिला आणि हलेना. मी दहावीच्या वर्गात उभी होते. घंटेची वाट बघत होते.

पण घंटा वाजली नाही. पलीकडून साहेबांचं नाक ओढणं ऐकू येत होतं, त्यावरून कळत होतं की माणूस आहे, थांबलाय, त्याला घाई नाही. माझा हात खिशात खडूवर गेला आणि मूठ मिटली. तुझी मूठ डोळ्यासमोर आली, दुधावरची. म्हटलं, "आय होल्ड ऑन. आय स्टॅन्ड बाय. आय डोन्ट कॅरी ऑन टिल ही कम्स बॅक." पलीकडून एकदा नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग साहेब म्हणाले, "गुड."

पास झाले. काठावर नाही, चांगली पास झाले. बगळ्याने यार्डभर ओरडून सांगितलं, थोरली फोनवर नाचली म्हणे. आज सकाळी शिडी चढताना गुडघे रोजच्यासारखेच कुरकुरले आणि मी त्यांना म्हटलं, कुरकुरा, आपल्याला अजून बरीच वर्षं इथेच चढायचंय.

आता आपलं राहिलेलं. दहावीला तू सगळ्या मुलींना एकच प्रश्न विचारला होतास. हू डू यू लुक अप टू? तुला सगळ्यात जास्त आदर कुणाबद्दल वाटतो? कुणी आई म्हणाली, कुणी वडील म्हणाली. माझी पाळी आली. उत्तर एका शब्दाचं होतं, 'यू'. पण परीक्षक तू, सगळ्या पोरी माझ्याकडे बघतायत आणि सकाळीच वेणी घट्ट घातलीस म्हणून मी तुला नाही नाही ते बोलून बसलेली. कशी म्हणणार? तू मला वाढवलंस, तू पगार आणलास, तू रात्रीचं उरलेलं खाऊन सकाळी शाळेत ताठ उभी राहायचीस. त्या वर्गात तेवढा आदर कुणाला कुणाबद्दल वाटत नव्हता, आणि शून्य मला मिळालं.

इथे लिहिलेलं मात्र धरू नकोस. तोंडी परीक्षा होती, ती तोंडीच देणार. रविवारी येते. वेणी घालून झाली की मी तुझ्यासमोर उभी राहीन आणि तू मला तो प्रश्न पुन्हा विचारायचास. खुणेने नाही. तोंडाने, शेपटीसकट, सगळे शब्द. दाजींनी मध्ये मदत करायची नाही. दुपार गेली तर जाऊ दे, तो रविवार गेला तर पुढच्या रविवारी येईन.

लागेल तेवढा वेळ घे, ताई. मी उभी आहे. या वेळी घंटा नाही.

तुझी नकटी